सुई सुटेल का हो डॉक्टर? स्वादुपिंड आणि आयलेट ट्रान्सप्लांटवरचे तुमचे प्रश्न

मागच्या वेळी इन्सुलिन पंपावर लिहिताना शेवटी जाता जाता एका ओळीत ट्रान्सप्लांटचा उल्लेख केला होता, तर तेवढ्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच प्रश्न आहे, इन्सुलिन कायमचं बंद होईल का. मला विचाराल तर हा प्रश्न नंतरचा, आधी विचारायचं ते वेगळंच आहे, पण ते पत्रांच्या ओघात येईलच. पत्रं मोठी होती म्हणून थोडी कापलीयेत, राग मानू नका.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, टाइप वन निघून तीन वर्षं झाली. दिवसाला चार-पाच सुया, रात्री दोनदा उठून शुगर बघायची, मला तर शांत झोप कशी असते तेच आठवत नाही. मी वाचलं की जिवंत माणसाचं अर्धं स्वादुपिंड काढून दुसऱ्याला देता येतं. माझं घ्या म्हणते मी, आजच घ्या. डॉक्टरांना विचारलं तर ते नुसते हसले, फार वाईट वाटलं. – एक आई

ताई, हसायला नको होतं त्यांनी. प्रश्न अजिबात वेडगळ नाहीये, जिवंत डोनरच्या स्वादुपिंडाचा शेपटीकडचा तुकडा घेऊन ट्रान्सप्लांट खरंच झालेले आहेत. त्यातलीच एक हकीकत सांगते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात हे काम डेव्हिड सदरलँड नावाचे सर्जन करायचे, त्यांच्याकडे काही एकसारखी जुळी भावंडं आली, एकाला टाइप वन आणि दुसरं ठणठणीत. ठणठणीत भावंडाचं अर्धं स्वादुपिंड आजारी भावंडाला बसवलं. जुळ्याचाच अवयव, म्हणजे शरीराला तो परका वाटायचं काही कारणच नाही, त्यामुळे रिजेक्शन थांबवणारी औषधं दिली नाहीत आणि रिजेक्शन झालंही नाही. पण काही आठवड्यांत डायबेटिस परत आला. अवयव तसाच्या तसा होता, फक्त त्यातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी तेवढ्या निवडून मारल्या गेल्या होत्या, जशा पहिल्यांदा मारल्या गेल्या तशाच.

म्हणजे बघा, तुमच्या मुलाचं स्वादुपिंड बिघडलं असं आपण म्हणतो पण खरं तर बिघडलीय त्याची इम्युन सिस्टिम, तिने एकदा बीटा पेशींना शत्रू ठरवलं की ती ते विसरत नाही. तुम्ही तुमचा तुकडा दिलात तर तिला दोन कारणं मिळतील मारायला, एक तर तो आईचा असला तरी परका आणि दुसरं म्हणजे त्यात पुन्हा त्याच बीटा पेशी. दोन्ही थोपवायला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, कधी स्टिरॉइड, अशी औषधं त्याला रोज, अवयव चालतोय तोवर घ्यावी लागतील. साध्या इन्फेक्शनपासून त्वचेच्या आणि रक्ताच्या कॅन्सरपर्यंत सगळ्याचा धोका त्याने वाढतो, आणि टॅक्रोलिमस तर स्वतःच हळूहळू किडनीला त्रास देतं, जी वाचवायला आपण शुगर सांभाळत असतो. वर गंमत अशी की ते शुगरही वाढवतं. अकरा वर्षांच्या पोरासमोर अजून पन्नास-साठ वर्षं आहेत, एवढा काळ ही औषधं म्हणजे सुईपेक्षा जड सौदा, म्हणून किडनी शाबूत असलेल्या मुलांना असा ट्रान्सप्लांट सहसा कोणी सुचवत नाही.

आणि तुमच्याबद्दलही बोलायला हवं. अर्धं स्वादुपिंड दिलेल्या डोनरपैकी काहींना पुढे स्वतःलाच डायबेटिस झालाय. घरात एकाऐवजी दोन पेशंट, आणि त्यातली एक म्हणजे रात्री उठणारी तुम्हीच. आज तुमच्यासाठी खरी गोष्ट आहे ती म्हणजे सतत शुगर दाखवणारा सेन्सर आणि त्याच्याशी जोडलेला, स्वतःहून इन्सुलिन कमीजास्त करणारा पंप. त्याने सुया कमी होतील हे आहेच पण तुमच्या त्या रात्रीच्या दोन उठण्यांवर त्याचा जास्त फरक पडेल. डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि या वेळी हे विचारा.

वय ४६, टाइप वन २९ वर्षांपासून. किडन्या १५ टक्क्यांवर आल्यात, अजून डायलिसिस सुरू नाही. किडनी आणि पॅन्क्रियाज एकदमच बसवू असं सांगितलंय. एक ऑपरेशन करायला घाबरणारा माणूस मी, हे दोन एकदम? जुनं स्वादुपिंड काढणार का? आणि बायको किडनी द्यायला तयार आहे, मग स्वादुपिंडाचं काय?

दादा, तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं, कारण ज्यांच्यासाठी हे ऑपरेशन खरोखर आहे त्यातले तुम्ही आहात. आता वर त्या ताईंना औषधांची एवढी भीती घातली ना, तुमच्या बाबतीत तोच हिशोब उलटा होतो. किडनी बसवायचीच आहे, म्हणजे ती सगळी औषधं तुम्हाला तशीही घ्यायचीच आहेत. मग त्याच औषधांच्या आडोशाला स्वादुपिंडही बसवून घेतलं तर औषधांचा बोजा फारसा वाढत नाही, ऑपरेशनचा मात्र वाढतो, ते लपवत नाही.

जुनं काढत नाहीत. ते इन्सुलिन बनवत नसलं तरी जेवण पचवणारे रस अजून बनवतंय, त्याला हात लावायचं कारण नाही. नवीन स्वादुपिंड बसतं ते त्याच्या मूळ जागी बसतच नाही, खाली ओटीपोटात, बहुतेक वेळा उजव्या बाजूला, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडून, आणि किडनी डाव्या बाजूला. स्वादुपिंडाबरोबर डोनरच्या छोट्या आतड्याचा एक तुकडाही येतो कारण पाचक रस कुठेतरी सोडायला लागतो ना. पूर्वी तो तुकडा मूत्राशयाला जोडायचे, त्याचा फायदा असा की लघवीतलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एक पाचक एन्झाइम, मोजून अवयव कसा चाललाय ते कळायचं, पण पेशंट बिचारे अंगातलं पाणी आणि बायकार्बोनेट लघवीवाटे जाऊन हैराण व्हायचे, मूत्राशयाची आग व्हायची ती वेगळी. आता बहुतेक ठिकाणी तो आतड्यालाच जोडतात.

भीती कशाची बाळगायची ते स्पष्ट सांगते. पहिल्या काही दिवसांत नव्या स्वादुपिंडाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ शकते, किडनीपेक्षा यातून रक्त संथ वाहतं म्हणून, आणि गुठळी झाली की बरेचदा तो अवयव काढूनच टाकावा लागतो. जोडकामातून गळती, पोटात पू, स्वादुपिंडाला सूज, अशा कारणांनी पुन्हा पोट उघडायची वेळ किडनीच्या पेशंटपेक्षा यांच्यावर जास्त येते. म्हणूनच आधी हृदयाची तपासणी अगदी खोलात करतात, २९ वर्षांच्या डायबेटिसमध्ये हार्टच्या नळ्या छातीत न दुखताही बंद होत आलेल्या असू शकतात.

पण जमलं तर काय होतं तेही ऐका. इन्सुलिन बरेचदा तासांत नाहीतर दिवसांत बंद होतं. चांगल्या सेंटरमध्ये एकत्र बसवलेल्या स्वादुपिंडांपैकी दहातली साधारण नऊ वर्षानंतरही चालू असतात, आणि अर्ध्याहून जास्त दहा वर्षांनंतरही. १७ डिसेंबर १९६६ ला मिनेसोटातच विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय यांनी २८ वर्षांच्या एका बाईला हे दोन्ही अवयव पहिल्यांदा बसवले तेव्हा त्या थोडेच दिवस इन्सुलिनशिवाय राहिल्या आणि दोन-तीन महिन्यांत गेल्या, तिथपासून इथवर आलोय आपण. अजून एक, मला फार आवडणारी गोष्ट. १९९८ मध्ये एक छोटा अभ्यास आला, फक्त आठ पेशंट, सगळ्यांना नुसतं स्वादुपिंड बसवलेलं. त्यांच्या स्वतःच्या किडनीचे तुकडे तपासले तर पाच वर्षांनी काही फरक नव्हता पण दहा वर्षांनी डायबेटिसने झालेली इजा भरून आलेली दिसली. तोवर ही इजा मागे फिरत नाही असंच धरून चालले होते सगळे. तुमची नवीन किडनीही याच कारणाने जास्त सुरक्षित राहते.

आता वहिनींच्या किडनीचं. मृत डोनरकडून दोन्ही अवयव एकदम मिळायला किती थांबावं लागेल ते तुमच्या सेंटरला विचारा. थोडं थांबून मिळत असेल तर एकत्र करा, एकाच डोनरचे असले की अजून एक फायदा असतो, रिजेक्शन सुरू झालं की बरेचदा किडनीचं क्रिएटिनिन आधी वाढून इशारा देतं, नुसतं स्वादुपिंड असेल तर शुगर वाढेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. पण लिस्ट फार लांब असेल तर डायलिसिसवर वर्षं घालवू नका, वहिनींची किडनी आधी घ्या, स्वादुपिंड नंतर बसवता येतं. मी तुमच्या जागी असते तर असंच केलं असतं.

हो, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधी भेटून या, शुगर एकदम नॉर्मल झाल्यावर सुरुवातीला रेटिना कधीकधी बिघडतो.

माझं वय ६१, टाइप टू, गोळ्या चालू आहेत आणि ४० युनिट इन्सुलिन. वजन ९४. मला पण हे करून मिळेल का?

नाही काका. तुमच्याकडे इन्सुलिन बनत नाही असं नाहीये, बनतं पण शरीर त्याला दाद देत नाही, नवीन स्वादुपिंडाचं इन्सुलिनही त्याच भिंतीवर आपटेल. किडनी गेलेल्या, बारीक अंगकाठीच्या, कमी इन्सुलिन लागणाऱ्या काही टाइप टू पेशंटना किडनीबरोबर स्वादुपिंड बसवतात आणि त्यांचे रिझल्ट चांगले आलेत, पण ती यादी निवडक असते. तुम्ही वजनावर काम करा, त्यात तुमचा जास्त फायदा आहे, आणि आताची वजन उतरवणारी इंजेक्शनं तुमच्यासाठी योग्य आहेत का ते विचारा.

मिस्टरांना टाइप वन ३१ वर्षांपासून. आधी शुगर लो झाली की घाम यायचा, हात थरथरायचे, आता काहीच होत नाही, बोलता बोलता एकदम शून्यात बघायला लागतात आणि खाली. या वर्षात तीनदा शुगर वाढवणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन मी दिलंय, एकदा गाडी चालवताना झालं, नशीब की मी शेजारी होते. किडनी चांगली आहे. सेन्सर लावलाय तरी झोपेत अलार्म त्यांना ऐकूच येत नाही, मलाच जाग येते. आयलेटचं ऐकलंय, त्यांना चालेल का?

वहिनी, पहिली गोष्ट, गाडी आजपासून बंद. नंतर बाकीचं.

वर म्हटलं ना की आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे, तो तुमच्या पत्रात आहे. इन्सुलिन सुटेल का हा नाही, हायपोने, म्हणजे शुगर फार खाली जाऊन, माणूस मरणार नाही ना हा. आयलेट (स्वादुपिंडातले इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके) ट्रान्सप्लांट मुख्यतः याच लोकांसाठी आहे, टाइप वन, लो शुगरची जाणीव गेलेली, दुसऱ्याने मदत केल्याशिवाय सावरता न येणारे हायपो वारंवार, आणि सेन्सर-पंप सगळं नीट करूनही ते थांबत नाहीत असे. 'सगळं नीट करूनही' हे शब्द मात्र महत्त्वाचे आहेत. अलार्म वाजतो आणि ऐकू येत नाही याच्यावर आधी उपाय करा, लो होण्याच्या आधीच इन्सुलिन थांबवणारा पंप लावून बघा. सारखे हायपो होऊन मेंदू सरावतो म्हणून घाम, थरथर बंद होते, आणि काही आठवडे एकही हायपो होऊ दिला नाही तर ती जाणीव बऱ्याच जणांची थोडीफार परत येते. हे फुकटचं औषध आहे, आधी ते घ्या.

तरीही थांबलं नाही तर मग आयलेट. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे बारीक पुंजके असतात, सगळे मिळून साधारण दहा लाख, आणि तरी वजनाने अख्ख्या अवयवाच्या एक-दोन टक्केच. बाकी सगळा पाचक रसांचा कारखाना. आपल्याला हवेत फक्त हे पुंजके, मग अख्खा अवयव बसवायचा कशाला, अशी ती कल्पना. मृत डोनरचं स्वादुपिंड लॅबमध्ये नेऊन त्यात एक एन्झाइम सोडतात, मग एका बंद स्टीलच्या भांड्यात गोट्यांबरोबर हलवत हलवत ते सुटं करतात, हे भांडं कामिलो रिकोर्डी यांनी १९८८ च्या सुमाराला बनवलं आणि त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. सुटे झालेले पुंजके गाळून निवडून शेवटी हातात येतात ते काही मिलिलिटर. ते बरगड्यांखालून सुई घालून लिव्हरमध्ये जाणाऱ्या मोठ्या शिरेत हळूहळू सोडतात. पोट उघडायचं नाही, बरेचदा पूर्ण भूलही लागत नाही. रक्तस्राव आणि त्या शिरेत गुठळी, हे दोन धोके, पण अख्ख्या स्वादुपिंडाच्या ऑपरेशनसमोर ते लहान आहेत.

२००० साली कॅनडात एडमंटनला जेम्स शापिरो आणि त्यांच्या टीमने सात पेशंटचे निकाल छापले, सातही जण इन्सुलिनमुक्त, आणि स्टिरॉइड न देता. जगभर धमाल उडाली. मग पाच वर्षांनी त्याच टीमने प्रामाणिकपणे पुढचे आकडे दिले, तोपर्यंत पेशंट साठच्या वर गेले होते, तर पाच वर्षांनी इन्सुलिनशिवाय राहिलेले फक्त दहाएक टक्के. बऱ्याच लोकांनी तिथेच फाइल बंद केली, माझ्या मते घाईने, कारण त्याच अहवालात हेही होतं की साधारण ८० टक्के लोकांत आयलेट अजून थोडंफार काम करत होते. थोडंफार म्हणजे इन्सुलिनची सुई लागते पण शुगर तळाला जात नाही, कारण नवीन पेशी शुगर खाली आली की स्वतःहून हात आखडता घेतात, जे सुईतलं इन्सुलिन कधीच करत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतला एक मोठा ट्रायल छापून आला, ४८ पेशंट, सगळे तुमच्या मिस्टरांसारखे. वर्षाने त्यातल्या जवळपास ८८ टक्के लोकांचं एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची चाचणी) ७ च्या खाली होतं आणि मोठा हायपो एकही नाही. इन्सुलिन पूर्ण सुटलेले निम्मेच. तुम्हाला यातला कुठला आकडा हवाय सांगा. तुम्ही रात्री झोपू शकाल का, हा हवाय.

किंमत मात्र तीच. रिजेक्शनची औषधं, आयलेट चालू आहेत तोपर्यंत. त्यांची किडनी चांगली आहे म्हणता, ती टॅक्रोलिमसला किती सोसेल याचा विचार टीमबरोबर बसून करावा लागेल. आणि एकाच वेळी भागेल असं नाही, दोन, कधी तीन डोनरचे आयलेट लागतात.

मी बारावीला आहे. आजीला डायबेटिस असल्याने वाचत असते. दहा लाख पुंजके एका स्वादुपिंडात असतात तर एका माणसाला दोन डोनर का लागतात? आणि लिव्हरमध्येच का टाकतात, स्वादुपिंडातच परत का नाही?

झकास प्रश्न. डॉक्टर हो, नाहीतर निदान डॉक्टरांना छळ.

आधी दुसरा. स्वादुपिंडाला सुई टोचणं म्हणजे झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय, ते सुजतं आणि त्याचेच पाचक रस त्यालाच पचवायला लागतात. लिव्हर त्यामानाने समजूतदार. शिवाय निरोगी माणसात स्वादुपिंडाचं इन्सुलिन आधी लिव्हरमध्येच पोचतं, त्यामुळे ती जागा निसर्गाच्या जवळ जाते. अर्थात ती आदर्श नाही. आयलेट रक्तात उतरले की रक्त त्यांना घाण समजून लगेच गोठायला आणि सुजायला सुरुवात करतं, आणि त्या पहिल्या तासांत-दिवसांतच बरेच मरतात. जे वाचतात त्यांना नवीन रक्तवाहिन्या फुटायला आठवडे लागतात, तोवर ते आजूबाजूच्या ऑक्सिजनवर कसेबसे तग धरतात, म्हणून त्या काळात पेशंटला इन्सुलिन चालूच ठेवतात, नव्या पाहुण्यांना आल्या आल्या कामाला जुंपायचं नाही. यातच तुझ्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आलं. उरलेलं निम्मं असं की वेगळं करतानाच निम्मेअधिक हातातून निसटतात. पेशंटच्या वजनाच्या दर किलोला किमान पाच हजार आणि इन्सुलिन सुटायचं असेल तर दहा हजारांच्या आसपास आयलेट लागतात, ६० किलोच्या माणसाचा गुणाकार तूच कर.

हे पुंजके पहिल्यांदा पाहिले पॉल लँगरहान्सने, १८६९ मध्ये, तेव्हा तो स्वतः विद्यार्थीच होता आणि ते काय करतात हे त्याला माहीतही नव्हतं. आणि १८९३ मध्ये, इन्सुलिन सापडायच्या जवळपास तीस वर्षं आधी, इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला एका डॉक्टरने १५ वर्षांच्या मुलाच्या कातडीखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे ठेवले होते. मुलगा तीन दिवसांत गेला. कल्पना मात्र बरोबर होती, वेळ चुकीची.

मला डायबेटिस नाहीये. सात वर्षं क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची जुनाट सूज, दुखणं असं की जगणं नको. आता म्हणतायत पूर्ण स्वादुपिंड काढू आणि त्यातलेच आयलेट मला परत देऊ. मग मलाही ती सगळी औषधं आयुष्यभर?

नाही! तुमचं हे सगळ्यात वेगळं, आणि त्यातली मोठी सोय हीच, आयलेट तुमचेच, शरीराला ओळखीचे, रिजेक्शनचा प्रश्नच नाही, ती औषधंही नाहीत. १९७७ पासून हे करतायत. पण दोन गोष्टी मनाशी पक्क्या करा. हे ऑपरेशन दुखण्यासाठी आहे, डायबेटिस टाळणं हा त्यातला बोनस. साधारण एक तृतीयांश लोकांना पुढची काही वर्षं इन्सुलिन लागतच नाही, एक तृतीयांश थोड्यावर भागवतात, उरलेल्यांना पूर्ण लागतं, आणि दुखणं बहुतेकांचं कमी होतं. दुसरं, जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल कायमच्या. वेळही महत्त्वाची, आजार जितका जुना आणि स्वादुपिंड जितकं दगडासारखं तितके हाती येणारे आयलेट कमी, त्यामुळे ठरवायचंच असेल तर अजून तीन वर्षं बघू असं करू नका. प्लीहाही काढावी लागू शकते, तेव्हा लसी आधी घेऊन ठेवा.

स्टेम सेलने डायबेटिस बरा झाला अशा बातम्या रोज येतात. खरं किती, खोटं किती? आम्ही किती थांबायचं?

बातम्या खोट्या नाहीत, मथळे खोटे असतात. तीन खऱ्या गोष्टी सांगते. चीनमध्ये एका २५ वर्षांच्या मुलीला तिच्याच पेशींपासून बनवलेले आयलेट पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवले आणि ७५ दिवसांनी तिचं इन्सुलिन सुटलं, २०२४ मध्ये हे छापून आलं. मथळ्यात नसलेली गोष्ट ही की तिचा आधीच लिव्हर ट्रान्सप्लांट झाला होता, म्हणजे ती औषधं तिला चालूच होती, त्यामुळे तिच्याच पेशी औषधांशिवाय टिकल्या असत्या का ते यातून कळत नाही. जुळ्यांची गोष्ट आठवा.

दुसरी, झिमिस्लेसेल. स्टेम सेलपासून लॅबमध्ये वाढवलेले आयलेट, लिव्हरच्या शिरेत एकदाच सोडलेले. २०२५ मध्ये निकाल आले, पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांत वर्षानंतर १० जण इन्सुलिनशिवाय आणि मोठे हायपो बाराही जणांचे बंद. हे खरंच मोठं आहे, कारण डोनरची वाट बघायची गरज संपते. पण औषधं यातही लागतातच, आणि त्या अभ्यासात दोन पेशंट दगावले, पेशींमुळे नाही, पण एकाला मेंदूच्या आवरणाचं फंगल इन्फेक्शन झालं होतं, आणि असं इन्फेक्शन इम्युनिटी दाबलेल्या माणसाला गाठतं.

तिसरी मला सगळ्यात जास्त भुरळ घालते. स्वीडनमध्ये उप्सालाला डोनरच्या आयलेटचे जीन बदलून ते इम्युन सिस्टिमला दिसणारच नाहीत असे केले आणि एका माणसाच्या हाताच्या स्नायूत टोचले, रिजेक्शनची एकही गोळी न देता. ते जगले आणि इन्सुलिन बनवत राहिले. एकच माणूस, मुद्दाम छोटा डोस, त्याला त्याचं इन्सुलिन घ्यावंच लागतंय. तरी माझा पैसा लावायचा झाला तर याच वाटेवर लावेन, कारण पेशी मिळणं हा अर्धाच प्रश्न होता, औषधांशिवाय त्या टिकवणं हा खरा.

थांबायचं किती, तर अजिबात नाही. कोणी आज पैसे घेऊन स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन डायबेटिस घालवतो म्हणत असेल तर तिथून उठून या. डोनरच्या आयलेटपासून बनवलेल्या लँटिड्राला अमेरिकेत जून २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तीही फक्त वारंवार मोठे हायपो होणाऱ्या मोठ्यांसाठी, आणि त्याच्या ३० पेशंटमध्येसुद्धा पाच जणांचं इन्सुलिन एक दिवसही सुटलं नव्हतं. मान्यता मिळालेल्या गोष्टीची ही कथा, तर गल्लीतल्या इंजेक्शनचं काय सांगू.

किडनी-पॅन्क्रियाज होऊन चार वर्षं झाली, इन्सुलिन नाही, मजेत होतो. गेले आठ-दहा दिवस सकाळची शुगर १४०, १५५, काल १८०. पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे, तोपर्यंत जेवण कमी करून बघतोय, ठीक आहे ना?

ठीक नाही. हा अंक खाली ठेवा आणि ट्रान्सप्लांट टीमला आत्ता फोन करा, म्हणून तुमचं पत्र मिळाल्या दिवशीच तुम्हाला वेगळं उत्तरही पाठवलंय, इथे बाकीच्यांसाठी छापतेय. कारण साधं असू शकतं, टॅक्रोलिमसची पातळी वर गेली असेल, कुठल्या आजारासाठी मध्येच स्टिरॉइड मिळालं असेल, चार वर्षांत वजन वाढलं असेल, एखादं इन्फेक्शन असेल. पण रिजेक्शनही असू शकतं, आणि स्वादुपिंडाच्या रिजेक्शनमध्ये शुगर वाढते ती शेवटी शेवटी, तोपर्यंत बऱ्याच बीटा पेशी गेलेल्या असतात. लायपेज, अमायलेज, क्रिएटिनिन, टॅक्रोलिमसची लेव्हल, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते यावरून कळतं), हे लगेच करायला सांगतील, लागलं तर बायॉप्सी. शुगर चढलेली आणि सी-पेप्टाइड चांगलं असेल तर पेशी जिवंत आहेत, औषधांत बदल करून भागू शकतं. गेल्या महिनाभरात एखादी गोळी चुकली असेल, उशिरा घेतली असेल, दुसऱ्या कंपनीची मिळाली असेल, तर तेही न लाजता सांगा, कोणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी चालेल. जाताना गेल्या दहा दिवसांचे शुगरचे आकडे आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.